‘र’पुरतं वाचता येत होतं

संकेश्वरात मिरचीचा हंगाम लागला की
अख्खा वॉर्ड एकदम शिंकतो,
सलाइनच्या बाटल्यासुद्धा जराशा हलतात.
अशाच एका हंगामात मी राजीनामा दिला.
दिला, असं मला वाटलं होतं.

जूनमध्ये पाच जण लागलो एकाच दिवशी.
एकाच मापाचे ॲप्रन, कुणालाच नीट न बसणारे.
तहसीन गणपतीआधीच पुण्याला गेली,
फिलोमिना कुवेतला,
बसलिंग नुसताच गेला, लॉकरची किल्लीही न देता.
उरलो मी आणि अक्कमहादेवी.
माझ्याहून सहा महिन्यांनी लहान,
पण नावातच अक्का, म्हणून सगळ्यांची अक्का,
ऐंशीच्या म्हाताऱ्यांचीसुद्धा.

मी आजऱ्याची.
हिरण्यकेशी आमच्याकडूनच इकडे येते,
तिला कुणी कानडी येते का विचारत नाही.
मला अकरा नंबरच्या आजोबांनी विचारलं,
म्हणजे विचारलं नाही, मागितलं:
उसिरु, उसिरु.
मी धावत जाऊन उशी आणली.

उसिरु म्हणजे श्वास.

अक्कानं ऑक्सिजन लावला, डोक्याकडची बाजू उचलली,
माझी उशी काढली नाही, पाठीशी सरकवली.
पहाटे ते गेले.
ती म्हणाली, तुझ्यानं न्हाई गेले, केसपेपर बघ.
मी केसपेपर पाहिला. इंग्रजीत होता, सगळा कळला.
काही उपयोग झाला नाही.

तीन वाजता पॅन्ट्रीत मी सांगत गेले मराठीत,
ती लिहीत गेली कानडीत,
ऑफिसात तसा अर्ज लवकर सरकतो म्हणून.
कारण काय घालू?
घाल, मला जमत नाही.
बराच वेळ लिहीत होती एवढ्याशा वाक्याला.
मला तेव्हा एकच अक्षर यायचं, र,
शेंडी ठेवलेल्या वाटोळ्या पोरासारखं.
विषयाच्या ओळीत पहिलंच ते होतं.
मी खाली देवनागरीत सही केली.

आजऱ्याला जाऊन झोपले.
आईला म्हटलं, सुट्टी आहे.
खोटं बोलतेय असं वाटून पोळी घशाखाली जाईना.
चौथ्या दिवशी अक्काचा फोन:
नाइट लागल्या तुझी. माझ्यासंगं.
अगं, मी सोडलंय.
कुठं? तीन दिवसांची रजे होती.

रजे. राजीनामे.
दोन्हींच्या तोंडाशी तेच शेंडीवालं पोर.

आठ दिवस मी तिच्याशी बोलले नाही.
ड्रेसिंगचा ट्रे हातात द्यायचे, नजर न देता.
माझ्या सहीशी खेळली होती ती,
हे आजही मला पूर्ण माफ करता आलेलं नाही.
नवव्या रात्री तिनं माझ्यासमोर वही टाकली:
वाचायला शीक. मग तुझं तू लिही.
पेन मी देते.

नोवु शिकले, ज्वर शिकले,
राजीनामे शिकले, सगळ्यात आधी.
लिहूनही ठेवला एक, बिनचूक, ॲप्रनच्या खिशात.
ॲप्रन धोब्याकडे गेला, लगदा झाला.
दुसरा लिहीन म्हणत राहिले.

अक्का आता रायबागला, सरकारीत.
जाताना रडली नाही. पगार दुप्पट होता.

परवा नव्या बॅचमधली निंगम्मा पॅन्ट्रीत सापडली,
तोंडावर टॉवेल धरून.
नेसरीकडची बाई ‘कळ, कळ’ ओरडत होती
आणि हिनं कानडीत ऐकलं, कळ्ळ, म्हणजे चोर.
वॉचमनला बोलावलं!
तो काठी घेऊन आला,
बाई पोट धरून त्याच्याकडे बघत राहिली.

मला हसू आलं, मी दाबलं नाही.
राहा, असं म्हटलं नाही तिला.
कागद मागितला तर देईन, म्हटलं, स्टोअरमधून,
आधी चहा घे,
आणि उद्याची नाइट मला दे, माझी मॉर्निंग तुला.
मग तिच्या वहीत ‘कळ’ लिहून दिलं कानडीत,
पुढे बरोबर, नोवु.
माझा ळ अजून वाकडा येतो.
तिनं तो दुरुस्त केला, नाक पुसत.
‘मेणसिनकाई’, ती म्हणाली, मिरचीमुळे.
एवढं मला कळलं.